मॅक अपडेट झाला आणि जुनी प्लगइन्स गायब: आत नेमकं काय होतं

आषाढीच्या आधीचे दिवस होते. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे अभंगांचा संच रेकॉर्ड केलेल्या एक गाणाऱ्या ताई स्टुडिओत आल्या. म्हणाल्या, "माझा आवाज काढून नुसती साथ मिळेल का? क्लासच्या मुलींना त्यावर गायचंय. चांगलं झालं तर त्यांचेच आवाज त्या साथीवर रेकॉर्ड करू." मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. जुनी हार्ड डिस्क नव्या मॅकला लावली, प्रोजेक्ट उघडला आणि पडद्यावर एक चौकट आली: अकरा प्लगइन्स सापडत नाहीत. तरीही प्ले दाबलं. आवाज आला, पण अगदी कोरडा. पखवाज बंद कपाटात वाजवल्यासारखा, टाळ कानाला टोचणारे, आणि तानपुरा तर वाजलाच नाही. ताईंचा चेहरा उतरला. "अहो, रेकॉर्डिंग गेलं का?"

रेकॉर्डिंग गेलं नव्हतं. माइकपुढे जे गायलं-वाजवलं गेलं ते साध्या ऑडिओ फाइल्समध्ये सुखरूप होतं. गेलं होतं ते त्यावर चढवलेलं काम: मंदिराच्या गाभाऱ्यासारखा घुमार देणारं रिव्हर्ब, पखवाजाच्या थापेचा जोर आवरणारा कम्प्रेसर. तानपुरा माइकवर रेकॉर्ड केलेलाच नव्हता, तो एका प्लगइनमधून वाजत होता. प्लगइन नाही, तर तानपुराही नाही. त्या अकरा प्लगइन्सपैकी नऊ मी दोन दिवसांत परत आणली. दोन आणता आली नाहीत, पण त्यांचा आवाज आणता आला. हे कसं, ते नीट सांगतो, कारण घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या, पॉडकास्ट करणाऱ्या, संगीत देणाऱ्या कितीतरी जणांवर मॅक अपडेट केल्यावर हीच वेळ येते.

आधी प्लगइन म्हणजे काय ते पाहू. आपण ज्याला ॲप म्हणतो ते स्वतःच्या पायावर उभं असतं. त्याला मेमरीत स्वतःची जागा मिळते, खिडकी मिळते, सगळा कारभार त्याचा. प्लगइन तसं नसतं. ते डबल क्लिक करून चालू होत नाही. ते एक कोडचं गाठोडं असतं, आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे होस्ट, ते उचलून स्वतःच्याच मेमरीत आणून बसवतं. तिथे मग दोघं एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर. आवाजाचे तुकडे सेकंदाला शेकडो वेळा एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे मध्ये भिंत ठेवून चालत नाही. भिंत नसल्यामुळेच काम झपाट्यानं होतं, आणि भिंत नसल्यामुळेच दोघांची भाषा एकच असावी लागते. सगळी अडचण इथून सुरू होते.

ही भाषा म्हणजे प्रोसेसरची भाषा. मॅकच्या बाबतीत ती २००६ पासून तीनदा बदलली आहे. २००६ मध्ये ॲपलने पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर घेतले. मग ७ ऑक्टोबर २०१९ ला आलेल्या मॅकओएस कॅटलिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणं पूर्ण बंद केलं. त्याच्या आधीचं मोहावे हे ३२-बिट चालवणारं शेवटचं मॅकओएस. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची स्वतःची एम१ चिप आली तेव्हा इंटेललाही निरोप सुरू झाला.

यातला ३२-बिटचा धक्का संगीतवाल्यांना सगळ्यात जास्त बसला, म्हणून तो थोडा खोलात सांगतो. ३२-बिट प्रोग्राम मेमरीतल्या प्रत्येक जागेला ३२ आकडी पत्ता देतो, आणि तो प्रत्येक आकडा शून्य किंवा एक. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ भरते, म्हणजे ४ जीबी. त्यापुढच्या मेमरीचा पत्ताच लिहिता येत नाही. मशीनमध्ये १६ जीबी मेमरी असली तरी त्या प्रोग्रामला ती दिसत नाही. तानपुरा, सतार, ऑर्केस्ट्रा यांचे खरे नमुने मेमरीत भरून वाजवणाऱ्या प्लगइन्सना ४ जीबी लवकरच पुरेनाशी झाली, म्हणून सगळे ६४-बिटकडे वळले. बदल योग्यच होता. पण ६४-बिट होस्टच्या घरात ३२-बिट प्लगइन राहू शकत नाही. एकजण लांबलचक पत्ता देतो, दुसऱ्याला तो वाचताच येत नाही. कॅटलिनाच्या आधी यावर पुलाचा उपाय होता. प्लगइनला शेजारी वेगळ्या ३२-बिट प्रोग्राममध्ये बसवायचं आणि दोघांमध्ये निरोप्या ठेवायचा. कॅटलिनात तो शेजारचा ३२-बिट प्रोग्रामच चालत नाही, त्यामुळे मॅकवर ही वाट मिटली. विंडोजवर ती अजून आहे, कारण ६४-बिट विंडोज ३२-बिट प्रोग्राम चालवतं. तिथे जेब्रिजसारखी साधनं कामाला येतात. पण होस्टच नकार देऊ शकतो: क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने २०१६ मध्ये आपल्या ९ व्या आवृत्तीपासून ३२-बिट प्लगइन्स घेणं थांबवलं.

इंटेलकडून ॲपलच्या चिपकडे जाताना मात्र ॲपलने दुभाषी दिला, रोझेटा २. इंटेलसाठी लिहिलेला कोड तो नव्या चिपच्या भाषेत उतरवतो. पण एक बारकी गोष्ट नेहमी विसरली जाते. रोझेटा अख्ख्या प्रोग्रामला लागतो, त्याच्या एखाद्या तुकड्याला नाही. म्हणजे होस्ट नव्या चिपच्या भाषेत चालू असेल, तर त्याच्या पोटात फक्त एक प्लगइन इंटेलचं ठेवता येत नाही. म्हणून बऱ्याच होस्टना सगळ्यासकट रोझेटातून उघडावं लागतं. ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये होस्टच्या चिन्हावर 'गेट इन्फो' घ्या, तिथे 'ओपन यूजिंग रोझेटा' ही खूण असते, ती करा. लॉजिक प्रो आणि रीपर या होस्टची सोय वेगळी आहे. ते स्वतः नव्या चिपवर चालतात आणि इंटेलच्या प्लगइनला बाहेर वेगळ्या प्रक्रियेत बसवून त्याच्याशी निरोपानं बोलतात. मशीन नवं असेल तर रोझेटा मुळात बसवलेलं आहे की नाही तेही पाहा. एखादं जुनं इंटेल ॲप उघडलंत की मॅक विचारतो, बसवू का? हो म्हणा. मग होस्ट बंद करून पुन्हा उघडा.

हा दुभाषी कायमचा नाही, हे मनात पक्कं ठेवा. पहिला रोझेटा २००६ मध्ये आला आणि २०११ मध्ये लायन या मॅकच्या आवृत्तीबरोबर गेला. दुसऱ्याबद्दल ॲपलने जून २०२५ मध्येच सांगून ठेवलंय: मॅकओएस २६ आणि २७ मध्ये तो पूर्ण मिळेल, त्यानंतर काही जुन्या गेम्सपुरता उरेल. रोझेटावर चालणारं प्लगइन वाचलंय असं मानू नका. त्याला मुदत मिळालीय, एवढंच.

आता माझ्या अकरांकडे येतो. मी आधी एक चूक टाळली, ती तुम्हीही टाळा. प्लगइन दिसलं नाही की बहुतेक जण लगेच इन्स्टॉलर शोधून पुन्हा बसवायला घेतात. त्यात जुन्या सेटिंगच्या फाइल्स पुसल्या जाऊ शकतात आणि दुखणं काय होतं ते कळायचं राहून जातं. आधी एवढंच पाहा की फाइल जागेवर आहे का. फाइंडरमध्ये 'गो' मेनूतून कॉम्प्युटरची मुख्य लायब्ररी उघडा, तिथे ऑडिओ, त्यात प्लग-इन्स. आत कॉम्पोनंट्स हा फोल्डर ऑडिओ युनिट जातीच्या प्लगइन्सचा, आणि व्हीएसटी, व्हीएसटी३ हे आपापल्या जातीचे. जात म्हणजे प्लगइन बनवायची पद्धत: ऑडिओ युनिट ॲपलची, व्हीएसटी स्टाइनबर्ग कंपनीची. तुमच्या स्वतःच्या युजर लायब्ररीतही हेच फोल्डर असतात, आणि काही प्लगइन्स तिथे बसलेली असतात. नवीन मॅकवर फाइल्स हातानं आणल्या की नेमकं हेच दुसरं ठिकाण राहून जातं. मॅकओएस कॅटलिना किंवा पुढचं झालं असेल आणि डेस्कटॉपवर 'रिलोकेटेड आयटम्स' नावाचं फोल्डर दिसलं, तर तेही उघडा. कॅटलिनाने सिस्टिमचा भाग वेगळा करून त्याला कुलूप लावलं, आणि तिथे न बसणाऱ्या फाइल्स उचलून या फोल्डरात ठेवल्या.

फाइल जागेवर असेल तर पुढचा प्रश्न: तिची भाषा कोणती? यासाठी टर्मिनल उघडावं लागतं, पण भ्यायचं कारण नाही. 'फाइल' ही चार इंग्रजी अक्षरांची आज्ञा लिहायची, एक मोकळी जागा सोडायची आणि प्लगइनच्या आतली मूळ फाइल माउसने ओढून त्या खिडकीत सोडायची. ती मूळ फाइल मिळवायला प्लगइनवर उजवं क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' घ्या, मग कंटेंट्स, मग मॅकओएस. एंटर दाबलं की मॅक उत्तर देतो. नुसतं आय३८६ आलं तर ३२-बिट, नव्या मॅकवर आशा नाही. एक्स८६-६४ आलं तर इंटेलचं ६४-बिट, रोझेटातून चालेल. एआरएम६४ आलं तर नव्या चिपसाठी लिहिलेलं आहे, मग दुखणं भाषेचं नाही, दुसरं काही आहे. बऱ्याच जुन्या प्लगइन्समध्ये दोन दोन भाषा एकत्र भरलेल्या असतात आणि उत्तरात दोन्ही दिसतात. माझ्या तीन प्लगइन्समध्ये आय३८६ च्या शेजारी एक्स८६-६४ दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्या काळात माझं होस्ट ३२-बिट होतं म्हणून त्यांचा दुसरा अर्धा भाग कधी वापरलाच गेला नव्हता. होस्ट रोझेटातून उघडलं आणि तिन्ही जशीच्या तशी, जुन्या सेटिंगसकट, उभी राहिली.

चार प्लगइन्सच्या नव्या आवृत्त्या कंपन्यांकडे तयार होत्या, त्या उतरवून घेतल्या. इथे एक अडचण येऊ शकते ती सांगून ठेवतो. व्हीएसटीची दुसरी पिढी आणि तिसरी पिढी यांना होस्ट कधी कधी दोन वेगळी प्लगइन्स समजतं. स्टाइनबर्गने व्हीएसटी३ २००८ मध्ये आणलं आणि जुन्या पिढीची प्लगइन्स बनवायचं साहित्य नव्या कंपन्यांना देणं २०१८ मध्ये थांबवलं, त्यामुळे नव्या आवृत्त्या अनेकदा फक्त व्हीएसटी३ मध्ये येतात. जुना प्रोजेक्ट मात्र जुन्या पिढीलाच हाक मारत राहतो. प्लगइन मशीनवर बसलेलं असतं, चालतही असतं, पण त्या प्रोजेक्टपुरतं 'सापडत नाही'. काही कंपन्या ही अदलाबदल आपोआप करतात. नाहीतर प्रत्येक ट्रॅकवर नवं प्लगइन हातानं लावून जुने आकडे भरावे लागतात.

राहिलेल्यांपैकी एक प्लगइन नव्या चिपचं होतं, जागेवर होतं, तरी उघडत नव्हतं. ते मॅकच्या दारवानानं अडवलं होतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला मॅक एक अदृश्य शिक्का मारतो, आणि ती पहिल्यांदा उघडताना तिच्या निर्मात्याची सही आणि ॲपलची तपासणी झालीय का ते बघतो. कॅटलिनापासून ही तपासणी बंधनकारक झाली. नवा इशारा आला की घाईघाईत 'मूव्ह टू ट्रॅश' दाबू नका. इशारा बंद करा, लगेच सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जा, खाली त्या प्लगइनचं नाव आणि 'ओपन एनीवे' हे बटण असतं. उजवं क्लिक करून उघडायची जुनी युक्ती २०२४ च्या मॅकओएस सिकोयापासून चालत नाही. अर्थात फाइल निर्मात्याच्या स्वतःच्या साइटवरून घेतली असेल तरच हे करा. कुठल्या तरी फुकट साठ्यातून आणलेल्या प्लगइनसाठी दारवानाला बाजूला सारणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देणं आहे, आणि अख्ख्या मॅकची ही तपासणी बंद करून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

नमुन्यांची मोठी लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर असेल तर आणखी एक परवानगी लागते. कॅटलिनापासून बाहेरची डिस्क, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स इथे डोकावायला प्रत्येक ॲपने विचारावं लागतं. प्लगइन ॲप नाही, म्हणून त्याच्या वतीने होस्ट विचारतं. त्या वेळी कोणी चुकून नाही म्हटलं असेल तर वाद्य उघडतं, पडद्यावर दिसतं, पण एक स्वर वाजत नाही. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीतल्या फाइल्स अँड फोल्डर्समध्ये होस्टच्या नावापुढची खूण तपासा.

नवव्याचं दुखणं लायसन्सचं निघालं. अधिकृत नोंद जुन्या मशीनच्या नावावर होती आणि ती नोंद सांभाळणारं छोटं मदतनीस सॉफ्टवेअर नव्या मॅकओएससाठी जुनं झालं होतं. ते आधी अद्ययावत केलं, जुन्या मशीनवरून नोंद सोडवली, नव्यावर घेतली. याचा क्रम उलटा झाला की माणूस तासन् तास अडकतो.

एवढं करूनही होस्टला प्लगइन दिसलं नाही, तर ते स्मरणशक्तीचं काम असतं. होस्ट प्लगइन्सची यादी एकदा बनवून ठेवतं आणि जे एकदा नापास झालं त्याला पुन्हा विचारत नाही. लॉजिकमध्ये प्लग-इन मॅनेजर उघडून ते प्लगइन निवडा आणि 'रीसेट अँड रीस्कॅन' करा. इतर होस्टमध्येही पुन्हा तपासायचं बटण असतं. त्याआधी मॅक एकदा रीस्टार्ट करा. ऑडिओ युनिट्सची नोंद मॅकओएस स्वतःकडेही ठेवतो, ती बऱ्याचदा रीस्टार्टनंतरच ताजी होते.

आता ती दोन: तानपुरा आणि गाभाऱ्याचा घुमार देणारं रिव्हर्ब. दोन्हींचं उत्तर आलं आय३८६, आणि शेजारी काहीच नाही. बनवणाऱ्यांनी ती कधीच सोडून दिलेली. नव्या मॅकवर मोहावे टाकावं म्हटलं तर तेही जमत नाही. ॲपलच्या चिपवर २०२० च्या बिग सरच्या आधीचं मॅकओएस चालतच नाही. इथे मी स्वतःला एक प्रश्न विचारला आणि त्यानं वाट मोकळी झाली: मला प्लगइन हवंय, की त्याचा आवाज?

कपाटात २०१२ चा एक मॅक होता, मोहावेवर थांबवलेला. त्याच्या इंटरनेटची वायर मी कधीच काढून टाकली आहे, तो अपडेट होऊ नये म्हणून. त्यावर प्रोजेक्ट उघडला. अकराच्या अकरा प्लगइन्स हजर! तानपुऱ्याचं काम सोपं होतं. तो ट्रॅक वाजवून ऑडिओ फाइल करून घेतला, ज्याला आपण बाउन्स म्हणतो. आता तो तानपुरा कुठल्याही मशीनवर, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वाजेल. साथीचा प्रत्येक ट्रॅकही असाच दोनदा बाउन्स केला: एकदा इफेक्टसह, एकदा कोरडा.

पण रिव्हर्ब नुसतं बाउन्स करून भागणार नव्हतं. मुलींचे आवाज अजून गायले जायचे होते, आणि ते त्याच गाभाऱ्यात बसायला हवे होते. इथे आवाजाच्या शास्त्राचा एक सुंदर नियम मदतीला येतो. एखाद्या खोलीत एकच क्षणिक टाळी वाजवली आणि नंतर जे घुमतं ते रेकॉर्ड केलं, तर त्या एका रेकॉर्डिंगमध्ये खोलीचा सगळा स्वभाव उतरतो. कारण कुठलाही आवाज अशा असंख्य बारीक टाळ्यांचा मिळूनच बनलेला असतो. प्रत्येक टाळीला खोली काय उत्तर देते ते कळलं, की गणितानं ती सगळी उत्तरं एकावर एक रचता येतात. खोलीच्या जागी रिव्हर्बचं प्लगइन घेतलं तरी हेच लागू पडतं. मी एका रिकाम्या ऑडिओ फाइलमध्ये आवाजाचा सगळ्यात छोटा, एकच ठिपका पूर्ण उंचीचा ठेवला, बाकी सगळी शांतता. तो ऐकला तर नखानं टिचकी मारल्यासारखा 'टक्' येतो. तो टक् जुन्या रिव्हर्बमधून जाऊ दिला, मूळ आवाज शून्यावर आणि घुमार पूर्ण ठेवला, आणि शेपूट पूर्ण विरेपर्यंत, साधारण चार सेकंद, रेकॉर्ड केलं. ती फाइल नव्या मॅकवर लॉजिकच्या स्पेस डिझायनरमध्ये टाकली. कन्व्होल्यूशन पद्धतीचं, म्हणजे अशा रेकॉर्ड केलेल्या टक् वरून घुमार रचणारं, कुठलंही रिव्हर्ब चालतं. ताईंचा जुना कोरडा आवाज त्यातून वाजवला, शेजारी दहा वर्षांपूर्वीचं तयार मिक्स वाजवलं. डोळे मिटून मला फरक सांगता आला नाही.

ही युक्ती प्रत्येक प्लगइनला लागू होत नाही. रिव्हर्ब आणि इक्वलायझर यांना होते, कारण ते लहान आवाजाला आणि मोठ्या आवाजाला एकाच नियमानं वागवतात. कम्प्रेसर तसा वागत नाही, त्याचं कामच मोठ्याला दाबणं आणि लहानाला सोडणं. डिस्टॉर्शन, कोरस, किंवा ज्या रिव्हर्बमध्ये घुमार सतत हलता ठेवलेला असतो तेही एका टाळीत पकडता येत नाहीत. त्यांच्या बाबतीत सेटिंगचे फोटो काढून ठेवा, तयार आवाज बाउन्स करा, आणि नव्या प्लगइनवर कानानं जुळवा.

तुम्ही अजून अपडेट केला नसेल तर तुमच्याकडे सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, चालू स्थितीतलं मशीन. बटण दाबण्याआधी एक रविवार द्या. जे प्रोजेक्ट पुन्हा उघडावे लागू शकतात त्यांचे ट्रॅक इफेक्टसह आणि कोरडे बाउन्स करा. जी रिव्हर्ब तुमच्या आवाजाची ओळख आहेत त्यांचा टक् रेकॉर्ड करून ठेवा. प्लगइनची सेटिंग्ज प्रीसेट म्हणून साठवा. इन्स्टॉलर आणि लायसन्सचे क्रमांक एका फोल्डरमध्ये ठेवा, जुन्या मशीनवरच्या नोंदी सोडवा, आणि अख्ख्या मॅकचा टाइम मशीन बॅकअप घ्या. मग निर्मात्यांच्या साइटवर तुमची प्लगइन्स नव्या मॅकओएसवर चालतात असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. 'चालायला हरकत नाही' असं मित्र म्हणत असेल तर थांबा. काम चालू असताना, आणि अल्बम अर्धा असताना, अपडेट करूच नका.

पुढच्या आठवड्यात ताई सहा मुलींना घेऊन आल्या. हेडफोनमध्ये जुना तानपुरा सुरू झाला, पखवाजाची पहिली थाप पडली, आणि सगळ्यात धाकटीनं गायलेली पहिली ओळ त्याच घुमारात विरत गेली. ताई काचेपलीकडून माझ्याकडे बघून फक्त मान डोलावत राहिल्या.